दाढीचा शनिवार

एप्रिल लागला की मी दुकानात बसून माशा मारते, आणि आमच्याकडे एप्रिलात थंडीने माशासुद्धा नसतात. गावातल्या पुरुषांची दाढी आणि केस करणारी मी एकटीच. नवरा होता तोवर वस्तरा त्याच्या हातात असायचा आणि झाडू माझ्या. तो गेल्यावर दोन्ही मीच उचलले. आता बाकी वर्षभर बरं चालतं. पण बर्फावरच्या हॉकीचे प्लेऑफ, म्हणजे चषकासाठीच्या शेवटच्या फेऱ्या, सुरू झाले की संपलं.

खेळाडू प्लेऑफमध्ये दाढी करत नाहीत. संघ बाहेर पडेपर्यंत किंवा चषक हातात येईपर्यंत वस्तऱ्याला शिवायचं नाही, असा त्यांचा नेम. ते खेळाडू आहेत, त्यांना शोभतं. पण आमच्याकडे बँकेचा मॅनेजर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, झालंच तर पाद्रीबाबा, सगळे तोच नेम धरतात. संघ जितका जिंकेल तितकं माझं दुकान ओस पडणार. आणि मी अशी शहाणी की स्वतःच्या पोटावर पाय यावा म्हणून टीव्हीसमोर हात जोडून बसते.

काय करू? माणसंच तशी आहेत ती. आमचा संघ म्हणजे शहरातला बायसन. त्यांच्या कप्तानाचे समोरचे दात कधीच गेले, त्यामुळे तो हसला की शाळेतल्या पोरासारखा दिसतो. गोलकीपर फिनलंडचा आहे. एकही शब्द बोलत नाही, पण खेळातली ती रबरी चकती अडवली की मागे वळून गोलच्या खांबाला थोपटतो, जशी दुभती गाय थोपटावी. एकाच्या भुवईवर चकती लागली. तो आत गेला, टाके घालून घेतले आणि माझा चहा उकळायच्या आत परत बर्फावर आला. माझा नवरा सर्दी झाली तर आठवडाभर अंथरूण धरायचा. अशा माणसांवर जीव नाही टाकायचा तर कोणावर टाकायचा?

आणि त्यांत आमचा कोडी. थॉर्सनांचा मुलगा. त्याचा बाप गॉर्ड आमच्या रिंकवर, खेळायच्या बर्फाच्या मैदानावर, बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. पोरगं चालायला लागलं ते त्या बर्फावरच. कोडी बचावात खेळतो, तोही राखीवसारखाच; एका सामन्यात जेमतेम काही मिनिटं मिळतात. पण तो बर्फावर उतरला की गावच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सगळे उभे राहतात आणि तो परत बाकावर बसला की आम्हीही बसतो. म्हाताऱ्या ऑर्व्हिलचे गुडघे दुखतात, तरी तोही उठतो. कोडीची दाढी मात्र अगदीच गरीब. ओठावर सावली, हनुवटीवर चार केस, गालांवर ठणठणाट. टीव्हीवरचे समालोचक तिची चेष्टा करायचे तेव्हा मला राग यायचा. त्या गालांवर पहिला वस्तरा मी फिरवला होता, माझीच बदनामी झाल्यासारखं वाटे.

या वर्षी संघ हरायलाच तयार नव्हता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तळ्यावरचा बर्फ वितळला, बदकं परत आली, लोकांनी बटाटे लावले, तरी आमच्या दाढ्या वाढतच होत्या. बायका वैतागल्या. चर्चमधल्या जेवणाला पाद्रीबाबांच्या दाढीत बीटाचं सूप लागलेलं सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी काही बोललं नाही.

"खरं सांग, लोरेटा," स्टॅन पेट्रिशिन मला म्हणाला, "तू मनातून त्यांच्या हरण्याची वाट बघत असशील."

स्टॅन धान्याच्या कोठारावर काम करतो. तिथल्या यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही.

"तुझी दाढी करायला मिळावी म्हणून मी संघ हरवीन," मी म्हटलं, "इतका काही तू देखणा नाहीस."

उपांत्य फेरीचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करेल तो जिंकणार. हॉलमध्ये कोणी पाणीसुद्धा पीत नव्हतं. कोडी बर्फावर आला, आम्ही उभे राहिलो. आपल्याच गोलच्या मागे त्याला चकती मिळाली. त्याने मान वर करून पाहिलं आणि ती आपल्याच गोलसमोरून आडवी दिली. तिथे आपलं कोणी नव्हतं. समोरच्या संघाचा एक होता. त्याने नुसती स्टिक लावली. संपलं.

पडद्यावर कोडी गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. फिनलंडवाल्याने जवळ येऊन खांबाला थोपटतो तसं त्याच्या डोक्यावर थोपटलं, तेव्हा मला रडू आलं.

गॉर्ड भिंतीशी उभा होता. कोणी काही बोलायला हवं होतं, पण काय बोलावं ते कोणाला सुचत नव्हतं. आणि सुचलं ते स्टॅनला. "त्या पोराला आत पाठवलंच कशाला," तो शेजाऱ्याला म्हणाला. त्याच्या मते तो पुटपुटला. बाहेर गाड्यांपाशी उभ्या असलेल्यांनासुद्धा ते ऐकू गेलं. गॉर्डने आपली खुर्ची मिटली, नीट बाकीच्या खुर्च्यांवर ठेवली, टोपी घातली आणि तो निघून गेला. बाहेर लख्ख ऊन होतं.

हरल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी एकत्र येऊन दाढ्या उतरवायच्या, ही आमची पद्धत. सुतक फिटावं तसं. तोवर आठवडाभर गाव भुतासारखं फिरतं. या वेळी तर बघायलाच नको. रेडिओवर लोक फोन करकरून कोडीला शिव्या देत होते. मी रेडिओच्या तारेचा प्लग काढून ठेवला. गॉर्ड सकाळच्या कॉफीला यायचा बंद झाला.

गुरुवारी कोडीची आई नॉरीन दुकानात आली. बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"कोडी आलाय काल," ती म्हणाली. "घराबाहेर पडत नाही. या उन्हाळ्यात गावातल्या पोरांचं हॉकीचं शिबिर घेणार नाही म्हणतो. शहरातच राहीन म्हणतो, तिथे कोणी ओळखत नाही. लोरेटा, तू एक करशील? मागच्या दाराने येऊन त्याची दाढी करून जाशील? ती दाढी घेऊन तो आरशात बघतो ते मला बघवत नाही गं."

मला तिची दया आली आणि दया आली की माझी जीभ सुटते.

"नॉरीन, मी घरी जाऊन दाढी करते ती अंथरुणाला खिळलेल्यांची नाहीतर मेलेल्यांची. तुझा मुलगा यातला कोण?"

तिचे डोळे भरून आले. "त्याला कोणी काही बोललं तर?"

"माझ्या दुकानात?" मी म्हटलं. "शनिवारी पाठव त्याला. पुढच्या दाराने."

ती गेली. असं तोऱ्यात बोलायला काय जातं? पोरगं खरंच आलं आणि कोणी एक वाकडा शब्द काढला, तर ते पुन्हा या गावाचं तोंड बघायचं नाही. आणि तो शब्द कोण काढणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तडक कोठारावर गेले.

"स्टॅन, शनिवारी कोडी येणार आहे. तू तोंड उघडलंस तर अर्धी दाढी काढून तुला बाहेर घालवीन. उरलेली अर्धी घेऊन फीर मग."

स्टॅनने हातातलं फडकं पिळलं. "गॉर्डने ऐकलं का गं ते? त्या दिवशी?"

"सगळ्या जिल्ह्याने ऐकलं."

तो फडकं खांद्यावर टाकून यंत्राकडे वळला. स्टॅन गप्प बसला की मला जास्तच भीती वाटते.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच बाप्ये रांगेत उभे होते. खुर्च्या भरल्या, खिडकीची कड भरली, उरलेले भिंतीला टेकले. पहिला मान ऑर्व्हिलचा. त्याला मी खुर्चीत बसवलं, तर तो म्हणाला, "बाजूची नुसती नीट कर. मी ठेवणार आहे. पुढल्या खेपेला मी असेन-नसेन." यावर सगळे हसले, आणि हसत असतानाच दार उघडलं.

पुढे गॉर्ड, मागे कोडी. एवढा थोरला गडी, दारात मान खाली घालून उभा. माझ्या हातातली कात्री ऑर्व्हिलच्या कानाशी थांबली.

बँकेचा मॅनेजर खुर्चीतून उठला. "बस, कोडी. माझ्या आधी जा तू."

"नको," कोडी म्हणाला. "मी रांगेत थांबतो."

तेव्हा स्टॅन उठला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो कोडीसमोर जाऊन उभा राहिला. एवढ्याशा दुकानात त्याचं पोट कोडीला जवळजवळ लागत होतं.

"हात दे," तो म्हणाला.

कोडीने हात पुढे केला. त्याला वाटलं असेल, हस्तांदोलन. स्टॅनने तो हात धरला आणि सरळ आपल्या दाढीत खुपसला.

"लागली हाताला? बायको म्हणते, हिच्यात चिमणी घर करील. इतकी वाढलीय. मी तरुणपणापासून दर वर्षी ठेवतो. कधी बोटाच्या पेराएवढीही झाली नाही. दोन आठवड्यांत संघ बाहेर, की आलो लोरेटाकडे. या वर्षी आरशात माझा आजोबा दिसतो मला. ही तुम्ही वाढवलीत. तूसुद्धा." त्याने कोडीचा हात सोडला. "मी हॉलमध्ये जे बोललो ते मूर्खाचं बोलणं होतं. गॉर्ड, तुलाही सांगतो."

गॉर्डने टोपी काढली, पुन्हा घातली. "तू नेहमीच मूर्खासारखं बोलतोस, स्टॅन," तो म्हणाला. "त्यात नवीन काय?"

मग पाद्रीबाबा उठले आणि त्यांनीही आपली दाढी पुढे केली. कोडीला हसू आलं. ते बघून बाकीचेही रांगेने आले. बसवाला, मॅनेजर, सगळे. कोणी म्हणालं, "माझी पांढरी बघ." कोणी म्हणालं, "माझी लाल निघाली, मलाच माहीत नव्हतं." ऑर्व्हिल गळ्यातल्या कापडासकट खुर्चीतून उठून रांगेत लागला. प्रत्येकाच्या दाढीत कोडीने हात घातला, आणि शेवटी शेवटी तो हसतोय की रडतोय ते मला कळेना.

त्याला मग कोणी रांगेत थांबू दिलं नाही. मी त्याला खुर्चीत बसवलं, खुर्चीची पाठ मागे केली, गरम टॉवेल पिळून तोंडावर ठेवला. दोन मिनिटं तसाच ठेवते मी, केस मऊ व्हायला. तेवढ्यात वस्तऱ्याला धार लावली. केस चार असले म्हणून काय झालं?

वळून टॉवेल उचलला, तर कोडी झोपलेला. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात कापडाखाली ढिले पडलेले.

"मिसेस क्लिमचुक," गॉर्ड माझ्या कानाशी येऊन म्हणाला. एरवी तो मला नावानेच हाक मारतो. "थोडं थांबता? रविवारपासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रभर स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो."

मी वस्तरा मिटून ठेवला. त्याला गार वाटू नये म्हणून कोरडा टॉवेल आणला आणि त्याच्या छातीवर पांघरला. दुकानात दाढीची खुर्ची एकच. सकाळ तशीच वर चढत गेली. दाढीवाले बाप्ये भिंतीला टेकून उभे होते. कोणी घरी गेलं नाही, कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. कोणाला खोकला आला तर तो बाहेर जाऊन खोकून येत होता.

जरा वेळाने रस्त्यावरून पोस्टमन आला. काचेतून आतली गर्दी बघून त्याने दार ढकललं. दाराशी स्टॅन उभा होता. त्याने पोस्टमनच्या छातीवर हात ठेवून त्याला तिथेच अडवलं.

"काय झालं?" पोस्टमन म्हणाला. "बंद आहे का आज?"

"हळू," स्टॅन म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, ओठांवरून ओळखावं लागलं. "आमचं पोर झोपलंय."