वीतभर माती

परसात वीतभराहून खोल खणायचं नाही, हे खाम्फोनबाईंनी सुनेला घरात आल्या आल्याच बजावलं होतं. नदीकाठची माती टोपलीने आणून उंचवटा करायचा आणि त्यावर कलिंगडाचं बी टोचायचं, ही या डोंगराळ शिएंगखुआंग प्रांताची रीत. सून बुआवान दक्षिणेची, मेकाँगकाठची. तिच्या माहेरी गुडघाभर खड्डा घेऊन, तळाशी शेणखत घालून कलिंगड लावत. इथे विमानांतून बॉम्ब पडले ते आजीच्या काळातल्या लढाईत. न फुटलेले अजून मातीत असतील, ही सासूची भीती तिला नुसता हट्ट वाटे.

सासूबाई बाजारात गेल्या तशी तिने कुदळ घेतली. कमरेला खोचलेल्या फडक्यात भिजवलेलं बी होतं, अंगाच्या उबेने मोड आलेलं.

माती मऊ लागली. मग ठण् झालं.

दगड असेल म्हणून ती वाकली. मातीतून गंजलेली गोलाई वर आली होती, पेरूएवढी. ‘हात लावू नका’ असं बजावणारं असलंच चित्र गावच्या शाळेच्या भिंतीवर होतं. तिचे हात दांड्यावर आवळले ते तसेच राहिले.

"काय गं, कलिंगड लावतेस की विहीर खणतेस?" कुंपणापाशी सासूबाईंचा आवाज आला. बुआवानने मान वळवली नाही. सासूबाईंनी टोपली हळूच खाली ठेवली.

"आई, लोखंड आहे."

"गोल?"

"गोल. कुदळ त्यालाच टेकलीय. सोडली तर पडेल."

"मग सोडू नकोस. आणि रडू नकोस, हात हलतो. सरळ वर उचल. ओढू नकोस, नुसती वर."

तिने उचलली. कडेचं ढेकूळ सुटून त्या गोलाईवर पडलं. दोघींनी श्वास रोखला. काही झालं नाही.

"आई, तुम्ही आधी लांब जा."

"गप बस! मी गेले तर तुला मागचं कोण सांगणार? वळू नकोस. आलीस त्याच पावलांवर मागे ये. डावा पाय. जरा आत. हं. आता उजवा."

कुंपणाशी पोचताच सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं आणि फाडकन मुस्कटात दिली. मग त्याच तिला धरून खाली बसल्या.

बॉम्ब काढणारं पथक आलं, आजूबाजूची घरं रिकामी केली आणि तो जागच्या जागी उडवला. भांडी फळीवरून खाली आली. परसात गुडघाभर खड्डा पडला.

"घे, झाला तुझा खड्डा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं नाही.

पथकाने उरलेलं परसही यंत्राने तपासून दिलं. तरी बुआवानने नदीवरून माती आणली, उंचवटा केला आणि बी बोटाने टोचलं. बोटाचं पेर मातीत गेलं की तिचा श्वास अडके.

वेल पसरला. एक फळ चांगलं भरलं. सासूबाईंनी पानं बाजूला केली आणि पिकलंय का ते पाहायला गोल सालीवर बोटाच्या सांध्याने वाजवलं. ठक्.

"ये ना, उचल," त्या म्हणाल्या.

बुआवान मागे सरत होती, न वळता, आली त्याच पावलांवर पाय ठेवत.