तुझं अक्षर सुरेख, तू लिही

उज्वला मॅडमनी वर्गात आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या इलेक्ट्रिकल शिकवायच्या. सकाळी पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी, गुरुवारचा उपास, सगळं सांभाळून त्या कामावर वेळेत हजर. यंदाच्या चातुर्मासात तर त्यांनी आणखी एक नेम धरला होता: खोटं बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण धरून बघावा एकदा!

त्यांच्या मशीन लॅबमध्ये सगळं कसं शिस्तीत चालायचं. चौघाचौघांचे गट, प्रत्येक टेबलावर एक मोटर. मुलं वायरी जोडायची, स्टार्टरची मूठ फिरवायची. मुली शेजारच्या स्टुलावर बसून मीटरचे काटे कुठं आले ते लिहून घ्यायच्या. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. आपल्या घरात तरी गॅसची टाकी त्यानं बदलायची आणि पोळ्या तिनं लाटायच्या, हे कुणी बसून ठरवलेलं असतं का? वळण पडतं, आणि पडलेल्या वळणाला आपण शिस्त म्हणतो.

यंदा कॉलेजनं नियम बदलला. प्रात्यक्षिक परीक्षा गटानं द्यायची नाही, ज्याची त्यानं एकट्यानं द्यायची. पहिल्याच दिवशी, बुधवारी, राखीची पाळी आली.

राखी हरसूलकडची. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हुशार म्हणून नाव असलेली, कमी बोलणारी मुलगी. तिचं जर्नल इतकं नेटकं, की अर्धा वर्ग ते समोर ठेवून उतरवून काढायचा. मॅडमनी सांगितल्याबरोबर तिनं कागदावर जोडणीची आकृती झरझर काढली. चूक शोधून सापडली नसती. मग ती वायरींच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. एक उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"हाई काय शे, रायटर?" मागून हर्षलनं त्याच्या अहिराणीत विचारलं, म्हणजे 'हे काय आहे?' हा सटाण्याचा, तिच्याच गटातला, हातचलाख मुलगा. "अरे, आपली रायटर आज मशीनला हात लावतेय. विमा काढा रे पटकन!"

वर्ग फिदीफिदी हसला.

"हर्षल," मॅडम हळूच म्हणाल्या. तेवढ्यानं सगळे गप्प झाले.

बऱ्याच वेळानं राखी म्हणाली, "झालं, मॅडम. सप्लाय देऊ?"

मॅडमनी वाकून पाहिलं. "थांब! स्विचला हात लावू नकोस!"

त्या ओरडल्या होत्या! त्यांचा त्यांनाच आवाज ओळखू आला नाही. विजेचा प्रवाह मोजायचा मीटर मोटरकडे जाणाऱ्या वाटेत जोडायचा असतो; राखीनं तो थेट पुरवठ्याच्या दोन टोकांना जोडला होता. स्विच दाबला असता तर मीटर जळला असता, कदाचित तिचा हातही. आणि ही चूक करू नये, असं तिनंच जर्नलात लाल शाईनं चौकट आखून लिहिलं होतं.

"अगं, तुला तर हे माहीत आहे ना?"

राखीनं मान खाली घातली. "कागदावर कळतं, मॅडम. इथं नाय कळत."

मॅडमनी त्या दिवशी तिला गुण दिलेच नाहीत. "नंतर सांगते," एवढंच म्हणाल्या. पण नंतर म्हणजे किती नंतर? पुढच्या मंगळवारी अंबडची एक कंपनी इंटर्नशिपसाठी मुलाखती घ्यायला येणार होती, आणि प्रात्यक्षिकात नापास झालेल्याला मुलाखतीला बसता येणार नव्हतं. राखीच्या घरी ठरलेलंच होतं. कंपनीत लागली तर पुढचं शिक्षण, नाहीतर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार.

मॅडम विभागप्रमुख संतोष सरांकडे गेल्या.

"एवढंच ना? देऊन टाका गुण," सर म्हणाले. "जर्नल बघा तिचं, दागिना आहे दागिना! आणि मुलगीच ती. कंपनीत गेली तरी टेबलाशी बसणार. मोटर जोडायला कोण सांगतंय तिला?"

"पण सर, तिला येत नाही."

"मग नापास करा. नियम सगळ्यांना सारखा."

"तसंही बरोबर वाटत नाही हो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, पास नको, नापास नको. तिसरा रकाना कुठून आणू मी?"

मॅडमचा अगदी गोंधळ उडाला. पास करावं, तर नेम मोडतो. नापास करावं, तर खरं तेच लिहिलं जातं, मग मनाला का टोचावं? संध्याकाळी त्या जप करायला बसल्या, तर माळ कुठवर आली तेच आठवेना. पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली, पुन्हा विसरल्या. सासूबाई, सगुणाबाई, शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी बघितलं, पण विचारलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दुपारी स्टाफरूममध्ये बुद्धभूषण सर मिसळीचा डबा उघडून बसले होते. त्याच विभागात शिकवणारे, मॅडमहून वयानं थोडे मोठे, आणि थट्टेशिवाय ज्यांचं जेवण पचत नाही असे.

"मॅडम, आज गुरुवार. म्हणजे तुमच्या वाटणीची मिसळ माझी!"

"खा हो, खा. पण तर्री बेतानं."

"खरं तर असं करू. तुम्ही उपास करताच आहात, तर यंदाचे निम्मे माझ्या नावावर टाका. भूक तुमची, पुण्य माझं."

मॅडमना हसू आलं. "असं कुठं असतं का, सर? ज्याचा उपास त्यालाच पावतो. दुसऱ्याला उपाशी ठेवून आपल्याला कसं पुण्य लागेल?"

सरांनी पावाचा तुकडा डब्यात तसाच ठेवला. बुधवारची हकिकत त्यांच्या कानावर आलेली होती.

"मग हर्षलनं वायरी जोडल्या, तर राखीला मोटर कशी पावेल?"

मॅडम म्हणाल्या, "पण नियम सगळ्यांना सारखा नको का?"

"हवा की! पण दुसऱ्या वर्षापासून एकाच्या हातात पक्कड द्यायची, दुसरीच्या हातात पेन द्यायचं, आणि परीक्षेच्या दिवशी म्हणायचं, चला, आता सगळे सारखे! वाटेत एकाला वाहन दिलं आणि दुसऱ्याला चालवत आणलं, तर वेशीवर दोघांची वेळ कसली मोजायची?"

"तिनं पुढं व्हायला हवं होतं, सर. मी काही तिला अडवलं नव्हतं."

"नसेलही अडवलं. पण तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. एवढ्या गोंधळात संतोष सरांना विचारलं, देवाला विचारलं. जिचा प्रश्न होता तिलाच विचारायचं राहून गेलं होतं.

लॅब सुटल्यावर त्यांनी राखीला थांबवून घेतलं. "खरं सांग हं बाळा. गटात तू कधीच जोडणी का केली नाहीस? हर्षल करू देत नव्हता का?"

राखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग. मी रागावणार नाही."

"तुम्ही नाय रागावणार, मॅडम. म्हणूनच सांगवत नाय." "दुसऱ्या वर्षाला पहिल्याच प्रॅक्टिकलला मी वायर घेतली होती हातात. तुम्ही आलात, माझी वही बघितलीत, आणि हसून म्हणालात, 'राखी, तुझं अक्षर सुरेख आहे, तू लिही. जोडणी हर्षल करेल.'"

"मी?"

"मला लय बरं वाटलं होतं तेव्हा. इथं येऊन पहिल्यांदाच कुणी नाव घेऊन बोललं माझ्याशी. मग मी लिहीतच राहिले."

देवा रे! मॅडमना ते वाक्य आठवेना. आठवणार तरी कसं? कितीतरी जणींना, कितीतरी वर्षं, तितक्याच मायेनं त्या हेच म्हणत आल्या होत्या! शिव्या देणाऱ्या माणसाला निदान आपण शिव्या दिल्या हे ठाऊक असतं. यांनी तर कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकानं पोरीच्या हातातली वायर काढून घेतली होती!

त्या तशाच संतोष सरांच्या खोलीत शिरल्या.

"सर, ही परीक्षा मी धरत नाही. सोमवारी पुन्हा घेते. सगळ्या वर्गाची."

"अहो, पण कारण काय लिहू?"

"लिहा, शिकवणारीनं शिकवलं नव्हतं."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे वर गेलं तर तुमच्या अहवालात लागेल. अंगावर कशाला घेता? मीटर बिघडले होते असं लिहू."

"मीटर चांगले होते, सर. आणि माझा चातुर्मास चालू आहे."

सरांनी कपाळाला हात लावला आणि सोमवार दिला.

हातात होते शुक्रवार, शनिवार आणि रविवार. कॉलेजच्या तासांतून वेळ निघण्यासारखा नव्हता, म्हणून लॅब सकाळी लवकर उघडायची ठरली. पण ती तर पोथीची वेळ! इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेली. मॅडम देवघराच्या उंबऱ्याशी घुटमळल्या. सगुणाबाई आतून म्हणाल्या, "जा गं. पोथी काय, संध्याकाळपर्यंत बसून राहील. तिला घाई नाही. पोरांना आहे."

लॅबमध्ये मॅडमनी एकच बदल केला. ज्यांनी आजवर लिहिलं, त्यांनी जोडायचं. ज्यांनी जोडलं, त्यांनी लिहायचं, आणि प्रत्येक वायर तिथंच का, हेही सांगायचं. मग काय गंमत झाली! हर्षलसारखा तरबेज मुलगा पेन घेऊन बसला आणि साधं कोष्टक पाडताना घामाघूम झाला. वायर कुठं लावायची ते त्याच्या बोटांना पाठ होतं. का लावायची ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

राखीनं त्याच्या वहीत डोकावून पाहिलं. "हाई काय शे, रायटर?"

सगळा वर्ग खो खो हसला. हर्षलही हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "ए राखी, तो मीटर वाटेतच का जोडायचा, सांग ना एकदा. पण हळू, पोरं ऐकतील."

सोमवारी राखीची पाळी आली. राखीनं जोडणी केली. मॅडमनी तपासली, बरोबर होती. राखीनं सप्लाय दिला, स्टार्टरची मूठ हळूहळू पुढं नेली.

मोटर ढिम्म!

हर्षलचा हात आपोआप टेबलाकडे गेला. "मॅडम, ते ना..."

"हात मागे," मॅडम म्हणाल्या. हळूच, पण अशा की तो दोन पावलं मागे सरला. खरं सांगायचं तर मॅडमनाही धावून जावंसं वाटत होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

राखी मीटरकडे बघत होती. ओठातल्या ओठात बोलत होती. "काटा शून्यावरच आहे... म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात वीज पोचतच नाय. त्याच वाटेवर कुठं तरी तुटलंय." तिनं आधी सप्लाय बंद केला. मग एकेक वायर बोटानं चाचपत पुढं गेली. एका स्क्रूशी येऊन थांबली. वायरचं टोक आत होतं, पण स्क्रू सैल राहिला होता. तिनं स्क्रूड्रायव्हर घेऊन तो आवळला.

पुन्हा सप्लाय. पुन्हा मूठ. मोटर घुमू लागली!

वर्गानं टाळ्या वाजवल्या, त्यात पहिली टाळी हर्षलची. गुण मात्र मॅडमनी मोजूनमापून दिले: पंचवीसपैकी पंधरा. राखीला आजवर नुसत्या जर्नलवर बावीसच्या खाली कधी मिळाले नव्हते.

"कमी वाटले का गं?"

"नाय, मॅडम. हे माझे हायेत."

मंगळवारी मुलाखत झाली. कंपनीच्या साहेबांनी तिचं अक्षर पाहून विचारलं, "कागदपत्रांच्या विभागात बसशील? मुलींना बरं पडतं." हो म्हटलं असतं तर जागा पक्की होती. पण ती म्हणाली, "सर, मला विजेची पॅनेल तपासायला, टेस्टिंगला घ्या. तिथं सैल स्क्रू शोधायचे असतात ना?" साहेब हसले. आणि तिला तिथंच घेतलं.

त्या संध्याकाळी मॅडमनी मुलाखतींच्या गडबडीत राहिलेला अध्याय वाचला, माळ घेतली. माळ या वेळी चुकली नाही. तरी मधेच एक प्रश्न आला आणि तो अजून गेलेला नाही: आधीच्या वर्गांतल्या त्या सगळ्या जणी आता कुठं असतील, आणि अजून नुसतं लिहीतच असतील का? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्यांनी एवढंच केलं, की नेमांत आणखी एका नेमाची भर घातली. चातुर्मास संपला तरी तो सोडायचा नाही. लॅबमध्ये शिरल्यावर आधी बघायचं: आज पेन कुणाच्या हातात आहे, आणि काल कुणाच्या हातात होतं.

बंधूंनो, भगिनींनो, असं आपल्याही घरात, वर्गात, कचेरीत एकदा बघू या. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं असेल, तर आधी सगळ्यांच्या हातात एकच हत्यार द्यायला हवं. आणि कुणाचं कौतुक करताना जरा जपावं, त्याच्या हातातलं काही आपण काढून तर घेत नाही ना! कारण विद्या ही उपासासारखी आहे. ती ज्याची त्यानंच करावी लागते. आपण मोठ्यांनी करायचं ते इतकंच, की ती करायची संधी कुणाकडून, मायेनंसुद्धा, हिरावून घ्यायची नाही.