कापलेला मडगार्ड

पन्नाशी उलटल्यावर नवऱ्याला क्रूझर बाइकचं खूळ लागलं, तेव्हा हौसेला मोल नसतं म्हणून तिने सोडून दिलं होतं. पण आज गॅरेजमधून सजून आलेलं ते धूड बघून तिला शिसारी आली. टाकीवर दात विचकणारी कवटी, लोंबकळावं लागेल इतकं उंच हँडल. मागचा मडगार्ड निम्मा कापलेला आणि मागची सीट तर गायबच!

“आणि मी कुठे बसायचं?” हातातलं हेल्मेट दाखवत तिने विचारलं.

“अगं, असल्या गाडीवर माणूस एकटाच शोभतो,” म्हणत स्वारी धडधडत निघालीसुद्धा.

रस्त्यात पावसाचा राडा साचला होता. एक चक्कर मारून तो परतला, तो म्हशीने डबक्यात लोळून यावं तसा. मागच्या चाकाने उडवलेला चिखल कमरेपासून मानेपर्यंत नव्या जॅकेटवर थापला होता.

“शी! पाठ तेवढी पूस गं,” तो अंग चोरत म्हणाला.

ती जागची हलली नाही.

“मागे मी असते, तर हे सगळं माझ्या अंगावर आलं असतं. अहो, निदान तेवढ्यासाठी तरी सीट ठेवायची होतीत!”