लोंबकळणारा दोरा

"काकू, हा टाका कुणी कापला?"

दिवा मास्तरांच्या तोंडावर होता, पण डॉक्टरीणबाई बघत होत्या माझ्याकडे. मास्तरांनी झटकन स्वतःच्या छातीला बोट लावलं. मास्तर म्हणजे माझा नवरा, आमच्या गल्लीचा शिंपी. गिऱ्हाइकांना 'उद्या देतो' म्हणण्यापलीकडे चाळीस वर्षांत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता.

"मी कापला," मी म्हटलं.

मास्तरांच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी पार उतरली होती. तोंडातल्याच टाळूचं कातडं काढून तिथे शिवलं, त्याला चार दिवस झाले होते. ओठ ओढून बघायचा नाही, असं मला दहादा बजावलं होतं. पण सकाळी मास्तर खुणा करायला लागले, काहीतरी टोचतंय. बघितलं, तर दोऱ्याचं टोक लोंबकळत होतं. मास्तरांनी शिवायचं आणि लोंबकळणारे दोरे मी कापायचे, यावरच आमचा संसार उभा राहिलेला. कातरी उकळून घेतली आणि कापला. गाठच सुटली.

"कातडं हललंय," बाई म्हणाल्या. "हललेलं सहसा धरत नाही. पुन्हा शिवून बघते."

"नाहीच धरलं तर माझ्या टाळूचं घ्या."

"असं चालत नाही, काकू. आणि त्यांच्या टाळूत आता काढण्याजोगं उरलं नाही. हे गेलं, तर दात फार दिवस टिकायचे नाहीत."

घरी गार दूध चमच्याने पाजलं, गालावर बर्फ धरला, बोलू दिलं नाही. ते शिंकले तरी मी हातातलं टाकून धावायची. ज्या देवाला कधी हात जोडले नव्हते, त्यालाही जोडले. चूक माझी, दात त्यांचे का जावेत?

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी चूळ बेसिनमध्ये हलकेच सोडली, आणि घाईघाईने नळ उघडून दोन्ही हात आडवे धरले. तरी मला दिसलं. नखाएवढा पांढुरका तुकडा, त्याला दोरा. पाण्याबरोबर गेला.

मी भिंतीला टेकून खाली बसले. रडूही येईना.

मास्तरांनी तोंड पुसलं. मशीनवरचा शिवून झालेला शर्ट आणून माझ्या मांडीवर टाकला. बाहीला, कॉलरला दोरे तसेच होते.

"नको हो. माझा हात आता कशालाच लागायला नको."

आठवड्यात पहिल्यांदाच ते बोलले, ओठ फारसा न हलवता. "मग कोण कापणार?"

कातरी माझ्या बोटांत अडकवून त्यांनी बाही ताणून धरली, मला दोरा नीट दिसावा म्हणून.