कोण ओरडतंय बघू

सर्व्हरची डिस्क गळ्यापर्यंत भरली होती आणि तिथंच झाडूबाईचं घोडं अडलं होतं.

झाडूबाई म्हणजे ऑफिसातली सगळ्यात टापटिपीची प्रोग्रामर. टेबलावर कपाचा गोल डाग दिसला तरी तिला चैन पडत नसे, म्हणून शेजारी बसणाऱ्या दादानं तिला हे नाव ठेवलं होतं आणि तीही ते मिरवत होती. ऑफिस तीन खोल्यांचं, काम वाचनालयाची वेबसाइट सांभाळायचं. साइटची नवी आवृत्ती झाली की तिचं नवं फोल्डर सर्व्हरवर चढायचं. जुनं मात्र कुणी काढायचं नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' हा तिथला कायदाच होता.

आज चढायची होती ती आवृत्ती तिची स्वतःची होती. मोठ्या अक्षरांचं पान. ते तिनं बाबांसाठी केलं होतं. त्यांची नजर अधू झाली होती. जन्मभर पुस्तकात डोकं खुपसून बसलेला माणूस आता आईकडून वाचनालयाची यादी वाचून घ्यायचा आणि आई स्वतःला न आवडणारी पुस्तकं खुशाल गाळायची. त्यात ऑफिसच्या प्रमुख मॅडम उद्यापासून रजेवर जाणार होत्या आणि त्यांच्या परवानगीशिवाय काही चढत नसे. आज पान चढलं नाही, तर त्या परत येईपर्यंत महिनाभर नाव काढायचं नाही.

"जुनी फोल्डरं काढते," ती म्हणाली.

दादानं खुर्ची फिरवली. तो तिथला सगळ्यात जुना प्रोग्रामर, माणूस प्रेमळ, पण अडगळीवर जीव टाकणारा. "कुठली काढतेस?"

"हे 'शेवटचं' नावाचं?"

"असू दे. त्यात मी लिहिलेलं एक झकास फंक्शन आहे."

"'शेवटचं-नक्की'?"

"असू दे गं."

"आणि 'शेवटचं-देवाशपथ'?"

"ते तर राहू देच. शपथ घेतलीय मी."

याला विचारत बसलं तर दिवस मावळेल, हे तिनं ओळखलं. तिनं एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे सर्व्हरला द्यायच्या हुकुमांची छोटीशी चिठ्ठी: सगळ्यात नवी पाच फोल्डरं ठेव, बाकीची पुसून टाक. पण पुसायला तिचाही हात धजेना. टाकलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी लागते, हा अनुभव आईच्या घरात तिनं शंभरदा घेतला होता. म्हणून 'पुसून टाक' खोडून तिनं 'शेजारच्या डिस्कवर हलव' असं लिहिलं.

"नुसती हलवतेय. ज्याचं खरंच काही जाईल तो ओरडेल. कोण ओरडतंय बघू."

तिनं एंटर मारलं. फोल्डरं भराभर निघाली, डिस्क निम्मी रिकामी झाली. दादा हूं की चूं करीना. त्याची शपथ शेजारच्या डिस्कवर जाऊन पडली, तरी त्याचा चहा निवांत चालू होता. झाडूबाई मनातल्या मनात हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा होते.

"बाळा, माझ्या हातून काहीतरी मोडलं गं. तुझं पान आलं का म्हणून सकाळपासून सारखी साइट उघडून बघतोय. आता सगळं पांढरंच दिसतंय. म्हटलं, उरलेसुरले डोळेही गेले की काय. आईला दाखवलं, तर तिलाही पांढरंच!"

झाडूबाईनं साइट उघडली, तर तिलाही पांढरंच. "दादा, साइट पडली! नवी पाचही ठेवलीत मी, मग कशी पडली?"

दादानं कप खाली ठेवला. "अगं, साइट नव्यावर आहेच कुठं? परवा ती लंगडायला लागली, तेव्हा मी मागच्या एका जुन्या फोल्डरवर वळवली. तेव्हापासून तिथूनच चाललीय. नवी पाच आहेत ती दुरुस्ती जमतेय का बघायला चढवलेली. आता जमलीय ती, तुझ्या आवृत्तीतही घातलीय."

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"

"चहाला सांगितलं की सगळ्यांना. तू दाताच्या डॉक्टरांकडे गेली होतीस."

त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. नवं तेच चालू, असं तिनंच गृहीत धरलं होतं. पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. एका हुकुमात तिनं ते फोल्डर जागेवर आणलं आणि साइट उभी राहिली.

आतून मॅडमचा आवाज आला, "काही झालं का रे?"

"काही नाही!" दोघं एका सुरात म्हणाले.

मग तिनं चिठ्ठीच्या अगदी वर एक ओळ घातली: आधी बघ साइट कुठल्या फोल्डरवर चाललीय, आणि ते कितीही जुनं असलं तरी त्याला हात लावू नकोस. दादानं मागून डोकावून ती दोनदा वाचली आणि मान डोलावली. मग मोकळ्या झालेल्या जागेत तिची आवृत्ती चढली. ना लंगडली, ना कुरकुरली.

तिनं घरी फोन लावला. "बाबा, आता उघडा."

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग बाबा हळूहळू, एकेक शब्द सोडवत मोठ्यानं वाचू लागले.

"मुख्य पान. पुस्तक शोधा. माझी पुस्तकं. मदत. संपर्क. कृपया पुस्तकांची पानं दुमडू नयेत. सर्व हक्क राखीव."

मागून आई म्हणाली, "अहो, ते कुणी वाचतं का?"

आईच्या मध्यस्थीशिवाय बाबांनी शेवटचं काय वाचलं होतं, ते झाडूबाईला आठवेना. "बाबा, एखादं पुस्तक निवडा ना," ती म्हणाली.

"निवडतो गं, घाई काय आहे? आधी हे तर वाचू दे नीट," म्हणत बाबांनी पुन्हा वरून सुरुवात केली.