दोघांनी फिरवायची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुलूप येतं. माझा आणि कुलपाचा काडीचाही संबंध नाही. मी एक जुनी पाण्याची चावी आहे. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलून आतला व्हॉल्व्ह फिरवायचा, एवढंच माझं काम. पण त्या कामासाठी एके काळी लोकांनी माझ्या पायाशी डोकं ठेवलं, आणि एकदा तर माझ्यापायी पहार उगारली गेली.

माझा जन्म परळच्या एका गिरणीतला. गिरणीच्या दुरुस्तीखात्यात महादेव नावाचा फिटर होता. अंगाने किरकोळ, बोलायला कमी, पण लोखंड त्याच्या हातात मऊ व्हायचं. आमच्या भागात पाणी सोडणारा गणपत चावीवाला एक दिवस मोडकी चावी घेऊन त्याच्याकडे आला. महादेवने खात्याच्या मास्तरांची परवानगी काढली, एका भंगारात काढलेल्या मागाच्या शाफ्टचा तुकडा भट्टीत घातला आणि मला घडवलं. उभा दांडा, खाली व्हॉल्व्हवर बसणारं चौकोनी तोंड आणि वर धरायला आडवी मूठ.

मूठ त्याने चांगली लांब ठेवली. गणपत कुरकुरला, "अरे महादेवा, मी काय रहाट फिरवणार हाय? एवढी लांब मूठ कशाला?"

महादेव म्हणाला, "व्हॉल्व्ह जाम झालो की एकट्याक जड जाईत. तेव्हा दुसरो धरीत." महादेव मूळचा मालवणचा. मुंबईत जन्म गेला तरी त्याची बोली सुटली नव्हती.

तेव्हा त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. मी तर नाहीच नाही. मी गणपतच्या खांद्यावर बसून लालबाग-परळ मिरवायला लागले. काय तो मान होता! गणपत दिसला की बायका चहाचा कप पुढे करायच्या. कुणाच्या घरी बारसं असलं की लाडू चावीवाल्याला आधी. आमच्या व्हॉल्व्हची गोष्टच तशी होती. चढाच्या पायथ्याशी खालची चाळ आणि चढावर वरची चाळ. दोघींना पाणी एकाच नळातून. खालची भरून झाली की मी व्हॉल्व्ह आवळायचा, म्हणजे दाब वाढून पाणी चढ चढायचं. मी फिरले नाही तर वरच्या नळांतून नुसती हवा फुसफुसायची. आणि गणपत खालच्या चाळीतला. त्याला घाई नसायची. चहा संपेपर्यंत वरच्यांचं पाणी ताटकळत राहायचं. गाऱ्हाणं घेऊन कुणी मोठ्या कचेरीत गेलं, तर तिथल्या साहेबाला आमचा चढ कुठे आहे हेसुद्धा नकाशात शोधावं लागायचं.

मग गिरण्यांचा संप आला. भोंगे थांबले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत माणसं फाटकाशी बसली आणि बसूनच म्हातारी झाली. किती जण गावी गेले, किती जणांनी भाजीची गाडी लावली. महादेव रस्त्याच्या कडेला स्टोव्ह दुरुस्त करू लागला. ज्याने यंत्रं उघडून मांडीवर घेतली, त्याच्या मांडीवर आता पितळी बर्नर. त्याच्याकडे बघून माझा जीव तुटायचा.

पुढे गणपत निवृत्त झाला, चावीवाला नवा आला, त्याच्याबरोबर कारखान्यातली गुळगुळीत चावी आली. मला गणपतच्या खोलीमागे, मोरीच्या कोपऱ्यात टाकण्यात आलं. अंगावर गंज चढला. मांजर माझ्या मुठीवर नखं घासायचं. नवा चावीवाला चार रस्त्यांचा एकटाच मालक; तो कधी यायचा, कधी यायचाच नाही. वरच्या चाळीतल्या बायका कळश्या घेऊन खाली यायच्या आणि खालच्या बायका त्यांना नळाला हात लावू द्यायच्या नाहीत. केस ओढण्यापर्यंत मजल जायची.

अशातच एक नवा वारा आला. शहराचा कारभार एकाच मोठ्या इमारतीतून न चालवता वॉर्डावॉर्डात वाटायचा, आणि वॉर्डानेही वस्तीला बरोबर घ्यायचं, असं ठरलं. आमच्या वॉर्डात पाणीखात्याला उर्मिला विजयकर नावाच्या इंजिनियर आल्या. गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, बोलायला पुस्तकी, पण पायाने चढ चढून बघणाऱ्या. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही चाळींना समोरासमोर बसवलं. म्हणाल्या, "पाणी तेवढंच आहे. ते वाढवणं माझ्या हातात नाही. वेळ आणि वाटणी मात्र तुम्ही ठरवा. कचेरी तुमच्याबरोबर उभी राहील. दिवाळीपर्यंत चालवून बघू. एकही दिवस वाटणी चुकली, तर चावी पुन्हा कचेरीत."

मग चावी कुणाकडे राहील यावरून जो गदारोळ झाला! खालचे म्हणाले आमच्याकडे, वरचे म्हणाले आमच्याकडे. शेवटी वरच्या चाळीतली मंजुळा उठली. ती शीव कोळीवाड्याची लेक, लालबागच्या नाक्यावर मासळी घेऊन बसणारी. आवाज असा की हॉलचा पंखाही थांबेल. "चावी खालच्यांकडं ऱ्हाऊंदे," ती म्हणाली. "पण रोज सकाळी मी खाली येनार. एक बाजू त्यांची, एक बाजू माझी. दोघांनी मिळून फिरवायची."

"अशी दोघांनी धरायची चावी कुठे मिळणार?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

खालच्या चाळीच्या मागच्या रांगेतून महादेव हळूच म्हणाला, "आसा एक."

मोरीच्या कोपऱ्यातून मला काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण लोखंडाला ती सोय नाही. महादेवने गंज खरवडला, तेल चोळलं. दुसऱ्या दिवसापासून एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मंजुळा. पहिल्या सकाळी वरच्या चाळीत शेवटच्या नळाला पाणी आलं तेव्हा तिथल्या बायका नुसत्या बघत राहिल्या. हळूहळू भरवसा बसला. एवढा, की वरच्या चाळीने जिन्याखाली साठवणीची पिंपं होती ती काढून टाकली आणि त्या जागी पोरांसाठी कॅरम मांडला. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. साठवण नसताना माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या शब्दावर उभा असतो.

आणि खंडेनवमी आली.

गिरणगावात खंडेनवमी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. त्या दिवशी गिरणीतले माग धुऊन-पुसून हळदीकुंकू लावायचे, झेंडूची तोरणं बांधायची, नारळ फोडायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. संपानंतर पूजेला मागच उरले नव्हते. कुणी घरातली कात्री पुजायचा, कुणी टॅक्सीचा पाना. त्या वर्षी खालच्या चाळीतल्या गिरणीवाल्यांना एकदम सुचलं, की आपल्यात गिरणीतलं एक लोखंड अजून कामावर आहे. मी!

पहाटे खालच्या चाळीचं पाणी भरून झालं आणि सगळे महादेवच्या खोलीत जमले. कुणी जपून ठेवलेला मागाचा धोटा आणला, कुणी हातोडी. मधोमध पाटावर मला ठेवलं. हळद, कुंकू, झेंडूचा हार. म्हातारे गिरणीकामगार एकेक करून वाकले. महादेवच्या बायकोने, काशीबाईने, ओवाळलं तेव्हा महादेव लहान मुलासारखा रडला. मी सुखाने फुगले होते. आपल्याला कुठे जायचंय, हे मलाही आठवलं नाही.

दारात मंजुळा उभी राहिली. "महादेवभाऊ, चला. येळ झाली."

महादेवने पाटाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. चूक आत्ता त्याच्या ध्यानात आली होती. पूजा पाणी वर सोडल्यावर करायची होती. "मंजुळा, आज चावीक हात लावचो नाय," तो अडखळत म्हणाला. "पूजा झाली. आता उद्या."

"अवो, मग आमी तहान पन उद्यावर टाकू काय? पिंपं काढून टाकली आमी! तुमच्या भरवशावर!"

"कचेरीतली दुसरी चावी..."

"ती मागायला गेले की आपली चावी जमा. दिवाळीची अट इसरलात?"

एवढ्यात वरून माणसं उतरली. रिकाम्या कळश्या आणि तापलेली डोकी. सणाचा दिवस, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या घरी तान्हं मूल. हेरंब नावाचा दांडगा गडी पहार घेऊन आला होता. "चावी देत नसतील तर व्हॉल्व्हच फोडतो," तो ओरडला. "मग खालच्यांना पन समजू दे कोरडा नळ कसा दिसतो!" खालची पोरं बाह्या सरसावून जिन्यात उभी राहिली. व्हॉल्व्ह फुटला असता तर दोन्ही चाळी कोरड्या पडल्या असत्या, आणि वॉर्डाने पुन्हा कधी वस्तीच्या हाती काही दिलं नसतं. नळातलं पाणी तर घड्याळावर. ते थोड्या वेळात जाणार होतं. हे सगळं मला कळत होतं आणि मी हार घालून पाटावर पडले होते! त्या क्षणी तो हार मला गळफासासारखा वाटला.

काशीबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, उचला ना. देव काय समजत नाय?"

महादेव पाटापासून मागे सरला. "तुका म्हायत नाय," तो म्हणाला. "संपाच्या आदल्या नवमीक मास्तरान माका पूजेतली हातोडी उचलूक लावली. कसली तरी तातडीची दुरुस्ती होती. मी उचललंय. पुढच्या वर्षी गिरणी बंद पडली ती पडलीच. ता पाप मी परत करूचंय नाय."

इतकी वर्षं हा माणूस हे ओझं एकटा वाहत होता! ज्या हातांनी मला घडवलं, त्या हातांना तो गिरणीचा मारेकरी समजत होता.

मंजुळाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "भाऊ, गिरणी तुमच्या हातोडीनं गेली? मग हजारो घरं बसली, ती काय समद्यांनी हातोड्या उचलल्या म्हनून?"

मग मंजुळाने कंबरेची पिशवी सोडली. तिच्यातून मासळी कापायचा कोयता काढला. धार लावून लावून पातं अरुंद झालेला, तिच्या सासूकडून आलेला. तो तिने माझ्या शेजारी पाटावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने त्याला कुंकू लावलं. "पाट रिकामा नको ना? हे माझं हत्यार घ्या. तुमची पूजा मोडायची नाय. चावी निघते, हा बसतो. दसरा होईस्तवर उचलनार नाय. माझा धंदा बंद."

हेरंबची पहार जमिनीला टेकली. महादेवने कोयत्याकडे बघितलं. मग त्याने डोळे पुसले आणि माझी मूठ धरली.

"कापड एक दिस थांबता," तो म्हणाला. "पाणी थांबत नाय. चल गो."

हारासकट निघालो आम्ही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, मागे दोन्ही चाळी. व्हॉल्व्ह आवळला तसं माझ्या अंगावरचं कुंकू खड्ड्यात सांडलं. सगळे कान लावून उभे. आधी नळातून हवा सुटल्याचा आवाज, मग गडगड, आणि मग वरून कुणीतरी ओरडलं, "आलंऽऽ!" हेरंबनेच पहिली शिट्टी मारली.

त्या वर्षापासून खंडेनवमीला माझी पूजा व्हॉल्व्हजवळच होते, वरच्या चाळीला पाणी गेल्यावर. दिवाळी पार पडली, व्यवस्था कायम झाली. मग दोन्ही चाळींनी वॉर्डाबरोबर बसून कचऱ्याची वेळ ठरवली, तुंबणारं गटार रुंद करून घेतलं, जिन्यात दिवे आले. गिरगावातल्या फणसवाडीची माणसं आमची रीत बघायला येऊन गेली. उर्मिलाबाई बदलून गेल्या, तरी दर वेळी नव्या साहेबाला आमचा चढ चढावाच लागला.

वर्षं गेली. एका सकाळी महादेव झोपेतच गेला. वरच्या चाळीने ठरवलं, आज पाणी नको, आज खालच्यांच्या दारात चावी मागायला जायचं नाही. केस पिकलेली मंजुळा कळशी पालथी घालून उंबऱ्यात बसली होती. तेवढ्यात चढावर खणखण आवाज आला. काशीबाई मला फरपटत वर आणत होती. पांढरा चेहरा, सुटलेले केस, घरातून महादेवचा देह अजून उचलायचा होता.

"काशीबाय, अगो आज कशाला?" मंजुळा धावली.

"ते वाट बघतायत," काशीबाई म्हणाली. "रोज तुमका पाणी सोडल्याबिगर त्यांनी चाय घेतली नाय. आज तसेच कसे जातील? धर एक बाजू."

दोघींनी मला खाली व्हॉल्व्हपाशी नेलं आणि दोन्ही टोकं धरली. त्या दिवशी व्हॉल्व्ह फार जड गेला.

मित्रांनो, आता चढाच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उठल्यात. उद्या कदाचित बटण दाबून पाणी सुटेल आणि मी भंगारात जाईन. त्याचं मला वाईट वाटणार नाही. मला अधूनमधून तेल द्या, गंजू देऊ नका, एवढं मागणं आहेच. पण बटण आलं तरी ते एकट्याच्या खोलीत लावू नका. माझी मूठ महादेवने लांब केली होती. तिचं दुसरं टोक रिकामं दिसलं, तर आपलं काम सोडून या आणि धरा.