सोळा गोष्टींचा एक चिडलेला कथासंग्रह

मी जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. पण चाळीस हुशार, तोंडाळ माणसांकडून मी एका दुपारी तंबाखू न घालता विड्या वळून घेतल्या आहेत, आणि त्या विड्या लोकांनी आवडीनं ओढल्याही आहेत.

मी एक जुना कथासंग्रह आहे. कण्णूरच्या अलीकडे आमचं गाव, गावात वाचनालय, वाचनालयात तिसरं कपाट, त्यातली खालून दुसरी फळी. अंगात सोळा गोष्टी आहेत. सोळावीचं शेवटचं पान वाळवीनं थोडं चाखलं आहे. गेल्या अकरा वर्षांत उघडपणे माझी गोडी घेणारं तेवढंच कुणीतरी.

मित्रांनो, तुम्ही सुट्टीच्या वर्गाला इथे आला आहात, पंख्याखाली बसला आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. दहा वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही, ते वाचनालयात ठेवायचं नाही, असं कमिटीनं ठरवलं आहे. श्रीलता, ती टेबलाशी बसली आहे ना, आमची ग्रंथपाल, तिनं परवा माझ्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं फुली मारली. रविवारी फुलीवाले सगळे गठ्ठ्यात बांधले जाणार. आज शुक्रवार आहे.

माझा जन्म कोळिकोडच्या एका छापखान्यातला. शाई वाळली, शिलाई झाली, आणि मला वाटलं, आता एखाद्या वकिलाच्या काचेच्या कपाटात जागा मिळेल. मी गेलो विडीच्या कारखान्यात. तिथल्या कामगारांनीच मला मागवलं होतं. विडी वळताना हात अडकतात, डोळे अडकतात, कान मात्र मोकळे राहतात. म्हणून तिथे रीत अशी होती की एकानं मधल्या उंच स्टुलावर बसून वाचायचं आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. आमचा वाचणारा होता चात्तू. त्याला सगळे माश म्हणत, म्हणजे मास्तर. सकाळी तो वर्तमानपत्र वाची. जेवण झालं की मला हातात घेई.

आधी ते कादंबरी वाचून बघत होते. पण कुणाला ताप यायचा, कुणाच्या बहिणीचं लग्न निघायचं, आणि तीन दिवसांनी परतलेला माणूस विचारायचा, "हा कोण? हा मेला होता ना?" त्याला सगळं मागचं सांगण्यात दुपार संपे. माझी एक गोष्ट जेवणानंतर सुरू झाली की काळा चहा येईपर्यंत पुरी होई. मग चहाबरोबर भांडण.

"माश, त्या बाईनं दार उघडलं की नाही, तेवढं सांगून टाका," पोक्कन म्हणे. हा सगळ्यांत जलद वळणारा आणि सगळ्यांत जास्त बोलणारा.

"लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणजे? मी काय पाठ मोडून उगाच बसलोय?"

"मग तू ठरव. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी पोक्कन म्हणाला, उघडलं नाही. शेजारचा अंबू म्हणाला, उघडलं. दोघं चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. एवढ्याशा गोष्टीनं दोन जाणत्या माणसांना अबोला धरायला लावलं. आता तुमच्या त्या मोबाइलवर दिवसाला शंभर गोष्टी सरकतात. एकीवरून तरी कुणाशी अबोला धरलात का?

आता ते विड्यांचं. नववी गोष्ट आहे एका म्हातारीची. ती तुरुंगातल्या मुलासाठी डबा घेऊन पहाटेपासून चालते आहे. चात्तू माश वाचत होता, खाली मान घालून, एका संथ आवाजात. चाळीस जणांच्या मांडीवर चाळीस सुपं. पान उचल, गुंडाळ, टोक दाब, दोरा बांध. हात चालू होते, सगळ्यांची नजर मात्र माशच्या तोंडावर. म्हातारी फाटकाशी पोचली आणि गोष्ट संपली, तेव्हा पोक्कननं खाली पाहिलं. तंबाखूचा ढीग होता तिथेच होता. सुपात नुसत्या पानांच्या पोकळ विड्या, एकसारख्या, सुरेख. शेजारी पाहिलं, तिथेही तेच. मुकादमाला कळायच्या आत त्या बंडलांत गेल्या, आणि महिन्यानं तलश्शेरीच्या एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं: ही विडी छातीला फार हलकी आहे, हीच पाठवत जा.

हसू नका. पुढचं ऐका, ते जास्त महत्त्वाचं आहे.

सहा वर्षं मला ऐकून ऐकून अंबूला वाटलं, आपणही लिहावं. त्यानं लिहिलं. चौतीस पानं. माशनं ती स्टुलावरून वाचली आणि दहाव्या पानाला लोक खोकू लागले. पोक्कन म्हणाला, "अंबू, पान कातरलंच नाहीस रे. आख्खं पान गुंडाळून आणलंस."

विडीचं पान पत्र्याचा फर्मा ठेवून कातरतात. फर्म्याबाहेरचं कितीही हिरवं असलं तरी जातं. अंबू रागानं दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि माशकडून मला मागून घेतलं. घरी नेऊन वाचत बसला. कुठली गोष्ट कुठे सुरू होते, काय सांगायचं टाळते, कुठे गप्प बसते. पंधरवड्यानं त्यानं पाच पानं आणली. माश वाचत असताना कुणी खोकलं नाही. पोक्कननं विडी वळणं थांबवलं होतं, आणि पोक्कन कधीच थांबत नसे.

पुढे कारखाना आटला. रेडिओ आला, मग तोही बंद पडला. स्टूल कुणीतरी नारळ उतरवायला नेलं आणि मी इथे आलो.

आणि इथे माझ्या नशिबी हा लिजेश आला. तो बघा, तिकडे खिडकीशी वर्तमानपत्रामागे बसला आहे. फणसाखालची रिक्षा त्याची. तो कादंबरी लिहितो. सहाशे पानं झाली आहेत आणि नायकाचा आजोबा अजून जन्मायचा आहे. ओणमला त्यानं पहिलं प्रकरण इथेच वाचून दाखवलं. बाराव्या पानाला दोन श्रोते उरले, त्यातल्या एकाचा डोळा लागला होता. श्रीलता त्याला म्हणाली, "अरे, जरा गोष्टी वाच. तो कथासंग्रह ने घरी." तर तिला चेची, म्हणजे ताई, म्हणतो आणि वर सांगतो कसा, "चेची, गोष्टी म्हणजे ज्यांचा दम टिकत नाही त्यांचं काम. सुरू होते न होते तोच संपते."

मी फळीवरून ऐकतो हे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मला हात नाहीत, नाहीतर त्याची सहाशे पानं फर्म्याखाली घातली असती. माझ्यासमोर, चार पावलांवर, एक माणूस लिहायला शिकू बघतो आहे, तासन्‌तास खुर्ची झिजवतो आहे, आणि मला घरी न्यायला हात लांब करत नाही. रविवारनंतर केला तरी उपयोग नाही.

आणि तू गं निवेद्या, आत्ता तू मला काढलंस, दोन पानं उलटलीस, "यात चित्रं नाहीत" म्हणालीस, आणि उलटं ठेवलंस. डोक्यावर उभा राहून बोलतो आहे मी तुमच्याशी.

बरं, राहू दे. जाता जाता एक मजेची सांगतो. माझी चौथी गोष्ट, सहाच पानांची. एक छत्री दुरुस्त करणारा दारावर येतो. घरातली बाई नवऱ्याची जुनी छत्री बाहेर आणते. नवरा सहा वर्षांपूर्वी जहाजावर गेला आहे, पत्र नाही. छत्रीची एक काडी वाकलेली, कापड विरलेलं. तो ओसरीवर बसून सगळी नवी करून देतो. बाई छत्री उघडून बघते, आणि तेवढ्यात काय होतं माहीत आहे? फाटकाशी नवरा. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर सोन्यानं भरलेली पेटी. नवरा छत्रीवाल्याला मिठी मारतो, बाजारात दुकान काढून देतो, दुकानाचं उद्घाटन करायला हत्ती येतो, आणि हत्तीच्या डोक्यावर तीच छत्री...

"खोटं."

वर्तमानपत्र खाली आलं होतं. लिजेश उभा होता.

"नवरा येतच नाही. पेटी नाही, हत्ती नाही. बाई छत्री उघडते, बराच वेळ बघते, आणि म्हणते, ती एक काडी तेवढी परत वाकवून द्या. संपली गोष्ट."

"का वाकवायची?" निवेद्यानं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

श्रीलतानं रजिस्टर उलटंसुलटं चाळलं. "लिजेश, तू हे पुस्तक कधी नेलंस? तुझं नाव नाही इथे."

"नेलं नाही. कपाटाशी उभ्यानं वाचलं," तो म्हणाला. मग मला घेऊन टेबलाशी आला आणि पहिलं पान उघडून खोडरबर शोधू लागला. "आता लिही."